लायब्ररीतली चौदा जुनी फंक्शनं काढायची, सहा नवी घालायची: क्रम काय ठेवावा?

कळमना_काटा

संत्रा आणि धान्याच्या वजनकाट्यांवरच्या नोंदी वाचणारी पायथन लायब्ररी आहे, आवृत्ती २.६. तिच्यावर अकरा ॲप्लिकेशनं चालतात. सात आमच्याच टीमची, परसोडीच्या आयटी पार्कातली. उरलेली चार बाहेरच्यांची, त्यांचा कोड आम्हाला दिसत नाही. चौदा फंक्शनं काढायची आहेत, सहा नवी घालायची आहेत. सर्व्हरवर पायथन ३.९ पासून ३.१३ पर्यंत सगळंच सापडतं.

आठ फंक्शनांत २.५ पासूनच डेप्रिकेशनवॉर्निंग ('हे जुनं झालं, पुढे काढणार' असा इशारा) टाकलेली आहे. पण बाहेरच्या चौघांपैकी एकालाही ती कधी दिसलेली नाही. कोणाला कळलंच नसेल तर फंक्शन काढायचं कोणत्या तोंडानं? वॉर्निंग पोचवायची कशी, मुदत किती द्यायची आणि नवी सहा आधी आणायची की नंतर, एवढे तीन प्रश्न.

झिरोमाईल

आधी वॉर्निंगचं बघू. त्या आठ ठिकाणी स्टॅकलेव्हल (वॉर्निंग बोलावण्याच्या साखळीतल्या कितव्या पायरीच्या नावावर टाकायची तो आकडा) किती दिलाय भाऊ? काहीच दिला नसेल तर तो १ धरला जातो, आणि तिथेच सगळं अडतं.

पायथन ३.७ पासून (पेप ५६५; पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव) नियम असा आहे: डेप्रिकेशनवॉर्निंग जर 'मेन' मॉड्यूलच्या, म्हणजे थेट चालवलेल्या फाइलच्या, नावावर पडली तरच आपोआप छापली जाते, बाकी सगळीकडे गिळली जाते. स्टॅकलेव्हल १ असताना वॉर्निंग तुमच्या लायब्ररीच्या ओळीवर नोंदवली जाते. लायब्ररी कधीच 'मेन' नसते, म्हणून ती कोणालाच दिसत नाही. स्टॅकलेव्हल २ केला की ती बोलावणाऱ्याच्या ओळीवर जाते:

वॉर्निंग्ज.वॉर्न(संदेश, डेप्रिकेशनवॉर्निंग, स्टॅकलेव्हल=२)

बरेच जण हा आकडा फक्त ओळ क्रमांक नीट दिसावा म्हणून असतो असं समजतात. वॉर्निंग दिसणार की नाही, हेही त्याच्यावरच ठरतं. फंक्शनभोवती स्वतःचा डेकोरेटर (त्याला गुंडाळणारं दुसरं फंक्शन) असेल आणि वॉर्न मूळ फंक्शनच्या आत असेल, तर मध्ये एक फ्रेम, म्हणजे साखळीतली एक पायरी, वाढते, तेव्हा ३ लागतो. पायथन ३.१२ पासून स्किप_फाइल_प्रिफिक्सेस हा पर्याय आला आहे. त्याला लायब्ररीच्या फोल्डरचा पत्ता दिला की फ्रेमा मोजत बसावं लागत नाही, पण तुम्हाला ३.९ सांभाळायचंय म्हणजे सध्या मोजाव्याच लागतील.

संत्राबर्फी

झिरोमाईल यांच्या म्हणण्यात एक भर. स्टॅकलेव्हल २ करूनही, बोलावणारा कोड ॲप्लिकेशनच्या आतल्या एखाद्या मॉड्यूलमध्ये असेल तर वॉर्निंग तरीही गिळली जाते. मोठ्या ॲप्लिकेशनात मेन फाइलमध्ये पाचदहा ओळीच असतात, म्हणजे प्रत्यक्षात बहुतेक वेळा असंच होणार. बाहेरच्या चौघांना एवढंच कळवा: टेस्ट पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनात चालवा. पायटेस्ट डेप्रिकेशनवॉर्निंग स्वतःहून दाखवतं. टेस्ट नसतील तर पायथन 'उणे एक्स डेव्ह' (वॉर्निंग दाखवणारा पर्याय) लावून एकदा चालवा.

फ्यूचरवॉर्निंग हा प्रकार सगळ्यांना दिसतो. पण तो शेवटच्या वापरणाऱ्यासाठी आहे. काट्यावर बसलेल्या माणसाच्या पडद्यावर पावतीऐवजी इंग्रजी इशारा आला तर तो त्याचं काय करणार? वॉर्निंग अशा माणसाकडे जावी ज्याच्या हातात कोड बदलणं आहे.

कळमना_काटा

स्टॅकलेव्हल आठही ठिकाणी दिलेलाच नव्हता. दुरुस्त करतो. पण आमचे सर्व्हर चोवीस तास चालतात, तिथे पायटेस्ट नाही. तिथलं कसं कळेल?

झिरोमाईल

ॲप्लिकेशन सुरू होतानाच लॉगिंग.कॅप्चरवॉर्निंग्ज(ट्रू) करा. मग वॉर्निंग 'पाय.वॉर्निंग्ज' नावाच्या लॉगरकडे वळते आणि लॉगमध्ये पडते. त्याच्यासोबत फिल्टरही 'डीफॉल्ट' करावा लागतो, नाहीतर गिळलेली वॉर्निंग लॉगपर्यंत पोचणारच नाही.

मात्र लॉगमधल्या ओळी मोजून वापर किती ते ठरवू नका. 'डीफॉल्ट' फिल्टर एका मॉड्यूलच्या एका ओळीवरची वॉर्निंग एकदाच छापतो. एकच ओळ दिवसाला चाळीस हजार वेळा चालली तरी लॉगमध्ये एकच नोंद येईल. कुठून बोलावलं जातं ते लॉगवरून कळेल, किती वेळा ते कळणार नाही. आकडाच हवा असेल तर जुन्या फंक्शनात स्वतःचा काउंटर ठेवा.

अंबाझरी

तांत्रिक बाजू वर आलीच आहे, पण मला वाटतं त्याच्याआधी चौदा फंक्शनांची वाटणी करायला हवी. सगळ्यांना एकच मुदत लावणं ही चूक आहे. तीन ढीग करा.

पहिला ढीग: फक्त नाव बदललं. जुनं नाव नव्या फंक्शनला बोलावतं, उत्तर तेच येतं. हे सांभाळायला एक ओळ लागते. दोनतीन वर्षं ठेवलं तरी बिघडत नाही.

दुसरा: आर्ग्युमेंट बदलले, क्रम बदलला किंवा परत येणाऱ्या मूल्याचा प्रकार बदलला. समजा जुनं फंक्शन वजन क्विंटलमध्ये फ्लोट म्हणून द्यायचं आणि नवं किलोमध्ये डेसिमल देतं. इथे जुन्या नावाखाली नवं वागणं कधीही घालायचं नाही. नाव तेच राहिलं आणि उत्तर शंभरपट झालं, तर कोणताही एरर येणार नाही, पावतीवर चुकीचा आकडा मात्र छापला जाईल. नवं वागणं, तर नवं नाव.

तिसरा: जुनं फंक्शन मुळातच चुकीचं उत्तर देतं. याला मुदत सगळ्यात कमी आणि पाठपुरावा सगळ्यात जास्त.

तुमच्या चौदापैकी कोणतं कुठे बसतं ते लिहा, मग पुढचं बोलता येईल.

कळमना_काटा

ताई, वाटणी केली. नऊ पहिल्या ढिगात, तीन दुसऱ्यात. तिसऱ्यात दोन, दोन्ही तारखेची, आत डेटटाइमचं यूटीसीनाऊ (आत्ताची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत देणारं फंक्शन) वापरलेलं आहे.

अंबाझरी

मग त्या दोनवर सविस्तर लिहिते, कारण पायथननंही ३.१२ मध्ये यूटीसीनाऊ डेप्रिकेट केलं आहे, आणि नागपुरात बसून हे फंक्शन वापरणाऱ्याला त्याचा फटका सरळ बसतो.

यूटीसीनाऊ वेळ यूटीसीची देतं, पण तिच्यावर टाइमझोनची खूण लावत नाही. त्या वेळेवर टाइमस्टॅम्प (वेळ सेकंदांच्या एका आकड्यात) काढायला गेलात की पायथन तिला मशीनची स्थानिक वेळ समजतं. सर्व्हर यूटीसीवर लावलेला असेल तर उत्तर बरोबर येतं. तोच कोड भारतीय वेळेवर लावलेल्या लॅपटॉपवर चालवला की साडेपाच तासांचा, म्हणजे बरोबर १९,८०० सेकंदांचा फरक पडतो. हा आकडा कुठे दिसला तर दुसरीकडे शोधू नका. आणि दिवस बदलण्याचा घोळ वेगळाच: मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचच्या आत काट्यावर चढलेली गाडी यूटीसीच्या तारखेप्रमाणे आदल्या दिवशीची ठरते. त्या दिवसाची आवक चुकते, भावाची सरासरी चुकते.

आता बदलताना काय बिघडतं ते बघा.

३.१२ ची वॉर्निंग स्वतःच सुचवते की डेटटाइम.डेटटाइम.नाऊ(डेटटाइम.यूटीसी) वापरा. हे जसंच्या तसं चिकटवलं की ३.९ आणि ३.१० वर ॲट्रिब्यूटएरर येतो, कारण डेटटाइम.यूटीसी हे नाव ३.११ मध्ये आलं. तुम्हाला टाइमझोन.यूटीसी वापरावं लागेल. ते पायथन ३.२ पासून आहे, अर्थ तोच. जुनं काढताना नव्याच्या जन्माची आवृत्ती बघायची, ती याच्यासाठी.

दुसरं, खूण असलेली आणि नसलेली वेळ लहानमोठी तपासली की टाइपएरर येतो. हे बरं, निदान कळतं. पण दोन्हींची 'समान आहे का' अशी तुलना केली तर एरर येत नाही, गुपचूप 'नाही' असं उत्तर येतं. म्हणजे 'ही पावती आधीच नोंदली आहे का' ही तपासणी कायम 'नाही' म्हणेल आणि पावत्या दुबार चढतील. माझ्या मते या सगळ्या बदलातली सगळ्यात धोक्याची जागा हीच. कोडमध्ये वेळेची समानता कुठे तपासली जाते ते आधी शोधा, फंक्शन नंतर बदला.

तिसरं, आयएसओफॉरमॅटनं वेळेचा मजकूर केला की त्याच्या शेवटी आता '+००:००' जोडलं जाईल. डेटाबेसात वेळ मजकूर म्हणून ठेवली असेल तर जुन्या आणि नव्या ओळी एकमेकींशी जुळणार नाहीत. संक्रमणाच्या काळात आत सगळीकडे खुणेसकट वेळ ठेवा आणि फक्त डेटाबेसच्या उंबरठ्यावर रिप्लेस करून टीझेडइन्फो नन करा, म्हणजे खूण काढा. स्तंभ बदलला की ती एक ओळ काढून टाका.

फुटाळा

मी थोडं उलट बोलतो. काढायचंच कशाला? ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) बघा. मेमकॉपीचं वागणं २.१४ मध्ये बदललं तेव्हा त्यांनी नवं सिम्बॉल (प्रोग्रॅम ज्या नावाला जोडला जातो ते) वेगळ्या आवृत्तीनं दिलं आणि जुनं तसंच ठेवलं. जुना बांधलेला प्रोग्रॅम जुन्यालाच जोडला जातो, आजही चालतो. जावात थ्रेडचं स्टॉप १९९८ मध्ये १.२ आवृत्तीत डेप्रिकेट झालं, आणि ते चालेनासं झालं थेट २०२३ मध्ये, जावा २० ला. पंचवीस वर्षं कोणाचं काम अडलं नाही. वापरणाऱ्याच्या दृष्टीनं हाच प्रामाणिकपणा आहे.

झिरोमाईल

ग्लिबसीला ते परवडतं कारण सिम्बॉलला आवृत्ती चिकटवण्याची सोय लिंकरमध्येच (प्रोग्रॅम आणि लायब्ररी जोडणाऱ्या साधनात) आहे. पायथनमध्ये एका प्रोसेसमध्ये एका लायब्ररीची एकच आवृत्ती. आणि ठेवण्याचा खर्च ओळींमध्ये मोजून चालत नाही. अंबाझरीताईंच्या दुसऱ्या ढिगातलं प्रत्येक जुनं फंक्शन म्हणजे क्विंटलवाला एक वेगळा रस्ता, त्याची वेगळी टेस्ट, आणि नवा माणूस आला की दोन्हींतलं कोणतं घ्यायचं हा त्याचा गोंधळ.

पहिल्या ढिगाबाबत मात्र फुटाळा यांच्याशी सहमत. नुसत्या नावासाठी लोकांना त्रास देऊ नये. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचं उदाहरण घ्या. एनपी.इंट, एनपी.फ्लोट, एनपी.बूल ही पायथनच्याच प्रकारांची दुसरी नावं होती. १.२० मध्ये, २०२१ च्या जानेवारीत डेप्रिकेट झाली आणि १.२४ मध्ये, २०२२ च्या डिसेंबरात निघाली. जवळजवळ दोन वर्षं वॉर्निंग होती, तरी काढल्यावर कितीतरी प्रोजेक्ट मोडले. ज्यांचा कोड मोडला त्यांनी ती नावं स्वतः लिहिलेलीच नव्हती, मधल्या कुठल्यातरी पॅकेजात होती. वॉर्निंग मधल्याच्या नावावर पडत होती आणि गिळली जात होती.

त्यातून आणखी एक शिकण्यासारखं. २.० मध्ये एनपी.बूल परत आलं, पण आता त्याचा अर्थ नमपायचा स्वतःचा बूल प्रकार. मधल्या १.२४ ते १.२६ मध्ये ते नाव रिकामं होतं. जुनं नाव नव्या अर्थानं वापरायचं असेल तर मध्ये असा रिकामा काळ हवाच. त्या काळात जुना कोड एरर देऊन थांबतो, चुकीचं उत्तर देत नाही.

संत्राबर्फी

सीआयमधली (कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेतली) मांडणी सांगतो, कारण इथे दोन खाचखळगे आहेत.

पायटेस्टच्या फिल्टरवॉर्निंग्ज यादीत पहिली ओळ 'एरर' ठेवा, म्हणजे कोणतीही वॉर्निंग आली की टेस्ट पडेल. त्याखाली अपवाद लिहा. एकाच वॉर्निंगला दोन ओळी लागू होत असतील तर शेवटची चालते. 'एरर' तळाशी लिहिली तर वरचे सगळे अपवाद वाया जातात. अपवादात मॉड्यूलचं नाव आणि संदेशाची सुरुवात दोन्ही द्या. नुसतं 'इग्नोर डेप्रिकेशनवॉर्निंग' लिहिलं की पुढचं काहीच कळत नाही.

दुसरा खळगा: पायथनवॉर्निंग्ज हा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल आणि 'उणे डब्ल्यू' हा पर्याय यांत रेगेक्स (मजकूर जुळवायचा नमुना) चालत नाही. तिथे संदेशाची सुरुवात अक्षरशः जुळावी लागते आणि मॉड्यूलचं नाव पूर्ण जुळावं लागतं. फिल्टरवॉर्निंग्ज हे फंक्शन मात्र रेगेक्स घेतं. एकीकडची ओळ दुसरीकडे चिकटवली की ती काम करत नाही आणि तक्रारही करत नाही.

तुमच्या स्वतःच्या लायब्ररीत प्रत्येक जुन्या फंक्शनसाठी पायटेस्ट.वॉर्न्स लावलेली एक टेस्ट हवी. वॉर्निंग येते का, संदेशात नव्या फंक्शनचं नाव आहे का, आणि नोंदलेलं फाइलनाव टेस्टच्या फाइलचं आहे का. तिसरी तपासणी असती तर स्टॅकलेव्हलची चूक २.५ मध्येच सापडली असती.

अंबाझरी

संदेशात काय असावं तेही ठरवून टाका: जुन्याचं नाव, नव्याचं नाव, कोणत्या आवृत्तीपासून डेप्रिकेट, कोणत्या आवृत्तीत निघणार. 'लवकरच काढलं जाईल' असं लिहू नका. लवकरच म्हणजे कधी हे ठरवता येत नसल्यानं कोणीच काही करत नाही. दुसऱ्या ढिगात फरकही लिहा: 'उत्तर आता किलोमध्ये येतं.'

३.१३ मध्ये वॉर्निंग्ज.डेप्रिकेटेड हा डेकोरेटर आला (पेप ७०२). जुन्या पायथनसाठी तो टायपिंग_एक्स्टेन्शन्स मध्ये मिळतो. तो लावला की कोड न चालवताच टाइपचेकर (कोड वाचून चुका शोधणारं साधन) जुनं नाव दाखवतो, एडिटरमध्ये नावावर रेघ येते. संदेश सरळ अवतरणात लिहिलेला हवा, व्हेरिएबलमध्ये ठेवलेला टाइपचेकरला वाचता येत नाही. मायपाय या टाइपचेकरमध्ये ही तपासणी मुद्दाम चालू करावी लागते.

मिहान_उड्डाण

नव्या सहांबद्दल कोणी बोललंच नाही अजून. नवं फंक्शन घातल्यानं काही मोडत नाही असं धरून चालतात, पण मोडतं.

जावा २१ मध्ये लिस्टला रिमूव्हफर्स्ट आणि रिमूव्हलास्ट आले. जावाच्या जोडीनं चालणाऱ्या कोटलिन भाषेत याच नावाची एक्स्टेन्शन (बाहेरून जोडलेली) फंक्शनं आधीपासून होती. अँड्रॉइडचं कंपाइल एसडीके (ज्या आवृत्तीवर ॲप बांधतात ती) ३५ केलं की कोटलिनचा तोच न बदललेला कोड नव्या मेथडला जोडला जातो, आणि अँड्रॉइड १४ किंवा त्याखालच्या फोनवर नोसचमेथडएरर येऊन ॲप बंद पडतं. ओळ तीच, नावही तेच, पण जोडणी बदलली.

जावा ९ चा बाइटबफर तसाच. फ्लिप मेथड आधी वरच्या क्लासकडून यायची, ९ मध्ये बाइटबफरला स्वतःची मिळाली. ९ च्या कंपायलरनं सोर्स ८, टार्गेट ८ असं बांधलं तरी ८ वर चालवताना मेथड सापडत नाही. टार्गेट फक्त बाइटकोडची आवृत्ती ठरवतं, लायब्ररी ९ चीच वापरली जाते. 'रिलीज ८' असा पर्याय दिला की कंपायलर ८ च्याच मेथडी बघतो.

जावास्क्रिप्टमध्ये ॲरेला फ्लॅटन घालायचं ठरलं होतं. मूटूल्स या जुन्या लायब्ररीनं त्याच नावाची मेथड लावलेली होती, नवीन आली असती तर कितीतरी जुन्या साइट मोडल्या असत्या. २०१८ मध्ये बरीच चर्चा होऊन नाव फ्लॅट ठेवलं.

तुमच्यासाठी यातून निघतं ते असं. कोणी तुमचा क्लास वारसा घेऊन वाढवलेला असेल, तर नवी मेथड घालताना त्यांच्या मेथडीशी नाव टक्करतं का बघा. बाहेरच्या चौघांना सहा नावं आधीच कळवा. जुन्या फंक्शनला नवा आर्ग्युमेंट घालायचा तर तारांकनानंतर, फक्त नावानं देता येईल असा. मध्येच घातला तर क्रमानं देणाऱ्यांची मूल्यं एक घर सरकतात. ऑल यादी (बाहेर द्यायच्या नावांची) नीट ठेवा, नाहीतर 'सगळं आयात करा' लिहिणाऱ्याच्या फाइलमध्ये तुमचं नवं नाव त्याच्या नावावर बसतं.

कळमना_काटा

बाहेरच्यांपैकी एकजण आवृत्ती तपासून जुनं-नवं निवडतो म्हणाला. ते बरोबर ना?

मिहान_उड्डाण

कसं तपासतो ते विचारा. मजकूर म्हणून तुलना केली तर '२.१०' हे '२.९' पेक्षा लहान ठरतं, कारण अक्षरं डावीकडून जुळवली जातात. २.९ पर्यंत सगळं ठीक चालेल आणि २.१० आली की तो परत जुन्या फंक्शनकडे जाईल. पॅकेजिंग.व्हर्जन वापरायला सांगा. फंक्शन आहे की नाही एवढंच हवं असेल तर हॅझॲटर पुरेसं, पण नाव तेच राहून वागणं बदललं असेल तर हॅझॲटरला ते कळणार नाही.

आणि सीआयमध्ये एक फेरी सगळ्यात खालच्या आवृत्त्यांवर चालवा. यूव्ही या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला रिझोल्यूशन 'लोएस्ट-डायरेक्ट' दिलं की तुम्ही जाहीर केलेल्या पॅकेजांची किमान आवृत्ती बसते; पायथन ३.९ मात्र वेगळं सांगावं लागतं. पायथन ३.९ वर चालतं असं लिहायचं आणि आत ३.११ चं नाव वापरायचं, ही चूक त्या फेरीत पहिल्याच दिवशी सापडते.

अंबाझरी

क्रम माझ्या मते असा. २.७ मध्ये फक्त सहा नवी फंक्शनं, एकही नवी वॉर्निंग नाही. २.८ मध्ये चौदाही जुन्यांत वॉर्निंग, दुरुस्त स्टॅकलेव्हलसह. ३.० मध्ये दुसरा आणि तिसरा ढीग काढायचा, पहिल्या ढिगातली नऊ ठेवायची. नवं आणि वॉर्निंग एकाच आवृत्तीत दिलं तर 'एरर' फिल्टर लावलेल्याला अपग्रेड आणि बदल एकाच दिवशी करावे लागतात. एक आवृत्ती मध्ये असली की तो २.७ वर येऊन निवांत नव्याकडे वळू शकतो. ॲप्लिकेशनांनी मर्यादा '२.७ किंवा वर, ३ च्या खाली' अशी लिहावी.

३.० कधी आणायची तेही काट्याच्या हंगामावर ठरवा. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची फेब्रुवारी ते एप्रिल. जूनमध्ये आणा.

झिरोमाईल

३.० नंतर जुन्या नावाच्या जागी पाटी ठेवता येते. मॉड्यूलला स्वतःचं गेटॲटर (नाव सापडलं नाही की चालणारं फंक्शन) लिहिता येतं (पेप ५६२, पायथन ३.७ पासून). त्यात काढलेली पाच नावं ओळखून 'हे ३.० मध्ये काढलं, याऐवजी अमुक वापरा' असा ॲट्रिब्यूटएरर द्या. दुसरा कुठला एरर देऊ नका, हॅझॲटर फक्त ॲट्रिब्यूटएररच झेलतं.

एक उणीव आहे. कोणी 'फ्रॉम-इम्पोर्ट'नं नाव घेतलं तर पायथन तुमचा ॲट्रिब्यूटएरर बाजूला टाकून स्वतःचा इम्पोर्टएरर देतं, पाटीवरचा मजकूर हरवतो. म्हणून बदलांची यादी वेगळी लागतेच.

कळमना_काटा

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एक: आमच्या सातही ॲप्लिकेशनांत शोधलं, दुसऱ्या ढिगातल्या एका फंक्शनचं नाव कुठेच सापडलं नाही. मग ते लगेच काढलं तर?

संत्राबर्फी

थांबा भाऊ. कामांची रांग आहे का, पिकल करून (पायथनच्या साठवणीच्या पद्धतीनं) ठेवलेली? पिकल फंक्शनचा कोड ठेवत नाही, मॉड्यूल आणि नाव एवढंच ठेवतं. रांगेत किंवा कॅशमध्ये जुनं काम पडून असेल तर नाव डेटात असतं, कोडमध्ये शोधून सापडणार नाही. फंक्शन काढल्यावर ते काम उघडतानाच ॲट्रिब्यूटएरर देईल. कोड चालताना मजकुरावरून नाव शोधणाऱ्या जागा आणि कॉन्फिग फाइलीत मजकूर म्हणून लिहिलेली नावंही तशीच. आधी काउंटर लावा, महिनाअखेरीचा हिशेब होऊन जाऊ द्या, रांग रिकामी झाल्याची खात्री करा, मग काढा.

कळमना_काटा

रांग आहे. आत्ता बघितलं, त्यात त्या फंक्शनची ३१२ कामं पडून आहेत. काउंटर लावतो.